र्योगोकुतला पंधरावा दिवस

आप्पा डिसेंबरच्या शेवटी टोकियोला आले, ते कांदा-लसूण मसाल्याचा डबा आणि एकच मागणी घेऊन. "मला देवळं-बिवळं दावत हिंडवू नगंस. ती मोठ्या पैलवानांची कुस्ती तेवढी दाव."

आप्पांचं सगळं लहानपण कोल्हापूरजवळच्या एका गावच्या तालमीत गेलं. विशीत असताना दोनदा खासबागेत उतरले. पुढं गुडघा गेला आणि खेळ सुटला. पण गावच्या जत्रेचं मैदान असलं की आजही ते सकाळी दहाला जागा धरून बसतात. त्यामुळं सुमोचं तिकीट काढताना मला शेवटच्या दिवसाचंच हवं होतं. पंधरा दिवसांच्या मैदानातला पंधरावा दिवस. जपानीत त्याला सेन्शुराकु म्हणतात.

तिकिटासाठी आधी सोडत असते, ती हुकली तर सर्वसाधारण विक्री. शेवटचा दिवस रविवार असतो आणि र्योगोकुच्या कोकुगिकानमध्ये, म्हणजे सुमोच्या बंदिस्त मैदानात, साधारण अकरा हजार माणसं मावतात, तरी ही तिकिटं हां हां म्हणता संपतात. मी तीन वेगवेगळ्या दिवसांसाठी नाव घातलं होतं. लागला तो नेमका 26 जानेवारी 2025. दुसरा मजला, मागून दुसरी रांग, दोन खुर्च्या. खाली चौकोनी कप्प्यात गादीवर मांडी घालून बसायच्या जागा असतात, त्या आपल्या नशिबात नव्हत्या. पण वरून आखाडा सगळा दिसतो. मातीचा उंच चौथरा, त्यावर 4.55 मीटर व्यासाचं गोल रिंगण, वर छताला टांगलेलं देवळासारखं छप्पर आणि त्याच्या चार कोपऱ्यांना चार रंगांचे गोंडे.

त्याआधी पाचव्या दिवशी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी आप्पांना नुसतं बाहेरून कोकुगिकान दाखवायला नेलं होतं. आम्ही राहतो निशी-कासाईला. तोझाई लाइननं मोन्झेन-नाकाचो आणि तिथून ओएदो लाइननं र्योगोकु. फाटकापाशी सोळा मीटर उंच मनोरा आहे, त्यावर बसून ढोल वाजवतात. आम्ही पोचलो तेव्हा दिवसाचा खेळ नुकताच संपला होता, माणसं बाहेर पडत होती आणि वर ढोल चालू होता. काठ्या बारीक, लय झपाझप. आप्पा मान वर करून ऐकत उभे राहिले. "हलगी न्हवं ही. पर बोलवायलीया." मी त्यांना सांगितलं, त्याचा अर्थच तो आहे, 'उद्या परत या'. आप्पांना ते फार आवडलं. घरी जाईपर्यंत गाडीत मांडीवर बोटांनी तोच ठेका धरून बसले होते.

त्याच दिवशी योकोझुना, म्हणजे सुमोतल्या सर्वोच्च पदावरच्या, तेरुनोफुजीनं माघार घेतली आणि दुसऱ्या दिवशी निवृत्ती जाहीर केली. गुडघ्यांनी आणि मधुमेहानं बेजार होऊन पार खालून दुसऱ्या गटापर्यंत घसरलेला आणि तिथून उठून सर्वोच्च पदापर्यंत गेलेला हा माणूस. दहा वेळा स्पर्धा जिंकलेला. गुडघा म्हटल्यावर आप्पा नुसतेच हूं म्हणाले. त्यानंतर रोज मी ऑफिसातून आलो की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "आता म्होरं कोन?"

प्रश्न बरोबर होता. योकोझुना उरलाच नव्हता. मार्चच्या स्पर्धेआधी कुणाला बढती मिळाली नाही, तर 1993 नंतर पहिल्यांदाच क्रमवारीच्या माथ्यावर कुणी नसणार होतं. स्पर्धा सुरू झाली तेव्हा दोघांची नावं चर्चेत होती, ओझेकी, म्हणजे योकोझुनाच्या खालोखालच्या पदावरचे, कोतोझाकुरा आणि होशोर्यू. आदल्या नोव्हेंबरात फुकुओकाला दोघंही तेरा विजय आणि एक हार घेऊन शेवटच्या दिवशी समोरासमोर आले होते. कोतोझाकुरा जिंकला आणि चषक घेऊन गेला. जानेवारीत मात्र त्याला काय झालं कोण जाणे, तो हरतच गेला. होशोर्यूच्याही नवव्या दिवसापर्यंत तीन हारी झाल्या होत्या, त्याही खालच्या क्रमांकाच्या पैलवानांकडून. मग लोकांनी त्याचाही विषय सोडून दिला.

आणि पुढं आला किंबोझान. कझाकस्तानातल्या अल्माटीचा. वरच्या श्रेणीच्या क्रमवारीत पार खाली, माएगाशिरा चौदा, आणि त्याआधीची स्पर्धा तर दुसऱ्या श्रेणीत खेळून वर आलेला. मी गेली दोन वर्षं त्याला मानतो. कारण साधं आहे. तो इथं शिकायला आला, निहोन विद्यापीठात कुस्ती खेळला, भाषा शिकला, आखाड्याच्या नावासाठी कुमामोतोतल्या, म्हणजे त्याच्या वस्तादांच्या मुलखातल्या डोंगराचं नाव घेतलं. परक्या मुलखात येऊन तिथल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात कडक शिस्तीच्या खेळात पाय रोवणं काय असतं, हे मला इथं अकरा वर्षं राहून थोडंफार कळतं. कझाकस्तानच्या पैलवानानं वरच्या श्रेणीची स्पर्धा तोवर कधीच जिंकली नव्हती. चौदा दिवसांनंतर तो बारा विजयांवर एकटाच पुढं होता. त्याच्यामागं एका विजयानं दोघं, होशोर्यू आणि ओहो.

म्हणजे रविवारी किंबोझाननं आपली कुस्ती जिंकली की संपलं. आणि त्याची जोड लावली होती ओहोशीच.

सकाळी अकराला आम्ही आत होतो. बहुतेक लोक दुपारी दोन-तीनला येतात. मला आप्पांना सकाळचं दाखवायचं होतं. सकाळी खालच्या श्रेणीतली पोरं लढतात. ओळीच्या ओळी रिकाम्या असतात, त्यामुळं चौथऱ्यावर टाच आपटलेलीही वरपर्यंत ऐकू येते. वरच्या दोन श्रेणींत सगळे मिळून सत्तर पैलवान, त्यांनाच पगार. दुसऱ्या श्रेणीत पाय ठेवला की महिना अकरा लाख येन सुरू. त्याच्या खाली शेकड्यांनी पोरं, त्यांना पगार नाही. ती तालमीत राहतात, वरच्यांचं जेवण रांधतात, त्यांच्या पाठी घासतात आणि पहाटे उठून मेहनत करतात. आप्पा हे ऐकून म्हणाले, "मग वेगळं काय हाय? आमीबी वस्तादांची धोतरं धुतलीयात."

खाली पुढच्या एका कप्प्यात एक कुटुंब होतं. आई, वडील, आजी, आणि हातानं रंगवलेला कागद धरून बसलेली एक लहान मुलगी. त्यांचा मुलगा आला तेव्हा आईनं त्याला हाक मारली. आखाड्यातल्या नावानं नव्हे, घरच्या नावानं. पोरगं वळलं नाही, वळायचं नसतंच. कुस्ती पाच-सहा सेकंदांत संपली, तो हरला. वाकून नमस्कार करून तो गेला, तरी आई टाळ्या वाजवतच होती, तो वाटेनं आत दिसेनासा होईपर्यंत. आप्पा दिवसभरात बरंच बोलले, पण तेव्हा गप्प होते.

दुपारी तळघरात भाजलेलं याकितोरी, म्हणजे काडीला टोचलेलं कोंबडीचं मटण, खाल्लं. कोकुगिकानच्या तळघरात ते भाजायचा कारखानाच आहे. तोवर हॉल भरला. छपराच्या वर 'मानइन ओनरेई' असं लिहिलेले फलक खाली सरकले, घर भरलं याबद्दल आभार म्हणून. आमच्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई येऊन बसल्या. एकट्याच. पिशवीतून त्यांनी टॉवेल काढून मांडीवर पसरला, त्यावर ओहोचं नाव. माझ्या गळ्यात किंबोझानचा टॉवेल होता. त्यांनी तो पाहिला, हसल्या, आणि आप्पांच्या हातात एक संत्रं ठेवलं.

बोलता बोलता कळलं, त्या ओहोसाठी आल्या होत्या ते त्याच्या आजोबांपायी. ओहो हा ताइहोचा नातू. ताइहो म्हणजे अठ्ठेचाळिसावा योकोझुना, बत्तीस स्पर्धा जिंकलेला, 1971 साली निवृत्त झालेला. त्यांच्या लहानपणी एक म्हण होती, 'क्योजिन, ताइहो, तामागोयाकी', पोरांना आवडणाऱ्या तीन गोष्टी: बेसबॉलचा जायंट्स संघ, ताइहो आणि अंड्याची गोडसर वळकटी. त्या म्हणाल्या, आमच्या घरी अंडंही रोज नसायचं, पण ताइहो रोज असायचा, रेडिओवर. मी ते आप्पांना मराठीत सांगितलं. आप्पांनी संत्र्याच्या सोललेल्या फोडींतून निम्म्या त्यांना परत दिल्या.

घराण्यांचा हा धागा त्या दिवशी सगळीकडंच होता. कोतोझाकुराचे आजोबा योकोझुना, त्यांचंच नाव त्यानं घेतलंय. होशोर्यू हा असाशोर्यूचा पुतण्या. आणि या सगळ्यांत किंबोझान, ज्याच्या मागं आखाड्यातलं कुणीच नाही.

शेवटच्या दिवसाची एक गोष्ट टीव्हीवर नीट समजत नाही, प्रत्यक्ष बसल्यावर कळते. चषकाच्या शर्यतीत तीनच जण असतात, पण त्या दिवशी जीव टांगणीला लागलेले कितीतरी असतात. पंधरातल्या आठ कुस्त्या जिंकल्या की काचिकोशी, क्रमवारीत वर सरकायचं. सातच जिंकल्या तर माकेकोशी, खाली. म्हणून चौदा दिवसांनंतर सात-सातवर अडकलेल्याची शेवटची कुस्ती म्हणजे दोन महिन्यांचा हिशोब. प्रेक्षकांना हे तोंडपाठ असतं. असा पैलवान चौथऱ्यावर चढला की टाळ्यांचा आवाजच बदलतो. जिंकला तर लोक असे सुस्कारे टाकतात जणू त्यांच्याच घरातल्या कुणाचा निकाल लागलाय. आमच्या मागं कॉलेजची चार-पाच पोरं होती, सगळी होशोर्यूची. पण सात-सातवाल्या प्रत्येकासाठी ती घसा ताणून ओरडत होती. एकाला आठवा विजय मिळाला तेव्हा त्यातल्या एकाचे डोळे भरून आले. मी विचारलं, तुझा आवडता आहे का? म्हणाला, नाही, पण हा तेहतीस वर्षांचा आहे.

किंबोझान आणि ओहो चढले तेव्हा माझ्या हाताला घाम सुटला होता. जाहिरातींचे फलक घेऊन माणसं चौथऱ्याभोवती फिरली. एका फलकाला सत्तर हजार येन, त्यातले साठ हजार जिंकणाऱ्याचे. दोघांनी मीठ उधळलं, बैठक घेतली, उठले, परत मीठ. आपल्याकडं सलामी झाली की पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, खडाखडी होते. इथं चार मिनिटं नुसती नजर आणि मीठ. त्या चार मिनिटांत हॉलमध्ये दोन नावं एकमेकांवर आपटत होती. मी ओरडलो की नाही मला आठवत नाही. आप्पा नंतर म्हणाले, ओरडलास की, लई.

ओहो जिंकला.

माझ्या पुढच्या ओळी उभ्या राहिल्या होत्या, शेवटचा क्षण मला दिसलाच नाही. दिसला तो फक्त ग्योजीचा, म्हणजे आखाड्यातल्या पंचाचा, पंखा, ओहोच्या बाजूला वळलेला. आणि मग एक लहानशी गोष्ट झाली, ती मी विसरणार नाही. शेजारच्या बाईंनी दोन्ही हात वर नेले होते, टाळी वाजणारच होती. ती त्यांनी हवेतच थांबवली, माझ्याकडं वळून मान थोडी झुकवली, 'माफ करा' म्हणतात तशी, आणि मगच वळून टाळ्या वाजवल्या. आनंद झाकला नाही त्यांनी. पण आधी माझ्याकडं पाहिलं.

आता बारा-तीनवर, म्हणजे बारा विजय आणि तीन हारींवर, दोघं. शेवटच्या कुस्तीत होशोर्यू जिंकला तर तिघं.

शेवटच्या दिवशीच्या शेवटच्या तीन कुस्त्यांआधीचा एक विधी सांगायचा राहिला. तिन्ही लढतींतले पूर्वेचे तिघं एकदम चौथऱ्यावर येतात, त्रिकोणात उभे राहतात आणि एका लयीत पाय उचलून आपटतात. मग पश्चिमेचे तिघं. पाय जमिनीला टेकतो त्या क्षणी अख्खा हॉल ओरडतो, "योइशो!" पहिल्या पायाला आप्पा दचकले. दुसऱ्या पायाला त्यांनी स्वतः आवाज लावला, जत्रेच्या मैदानात लावतात तो. पुढच्या ओळीतली दोन माणसं वळून हसली आणि तिसऱ्या पायाला त्यांनी आप्पांकडं बघूनच "योइशो" म्हटलं. या तीन कुस्त्यांच्या विजेत्यांना अनुक्रमे बाण, दोरी आणि धनुष्य मिळतं. शंभरच्या नोटांचा फेटा बांधण्यापेक्षा हे चांगलं, असं आप्पांचं मत पडलं. मलाही तसंच वाटतं.

शेवटची कुस्ती होशोर्यू आणि कोतोझाकुराची. दोन महिन्यांपूर्वी याच जोडीवर चषकाचा निकाल लागला होता. आता कोतोझाकुराचे पाच विजय आणि नऊ हारी. योकोझुना व्हायला आलेला माणूस इतका खाली. मला वाटलं होतं, लोक त्याच्याकडं दुर्लक्ष करतील. पण त्याच्या नावाचा गजर होशोर्यूइतकाच झाला, वेगळ्या सुरात. होशोर्यूच्या नावात मागणी होती, कोतोझाकुराच्या नावात धीर. पहिल्या रांगांतल्या एका म्हाताऱ्यानं मीठ उधळायच्या आधीच्या शांततेत एकट्यानं लांबलचक "कोतोझाकुराऽऽ" अशी हाक दिली आणि सगळ्या हॉलनं त्याला टाळ्या दिल्या. आप्पा म्हणाले, "पडत्या पैलवानाला हाक मारत्यात. शिकल्याली मानसं हायती."

होशोर्यू जिंकला. आवाज इतका झाला की खुर्ची थरथरली. तिघं बारा-तीनवर.

मग धनुष्य फिरवायचा विधी झाला, नेहमीसारखा. कुणाचं लक्ष नव्हतं असं म्हणणार नाही, "योइशो" तेव्हाही घुमत होतं, पण सगळे मध्येच शेजाऱ्याशी बोलत होते. वरच्या श्रेणीत तिघांची निर्णायक लढत याआधी 2022 च्या नोव्हेंबरात झाली होती, आणि त्याआधी थेट 1994 साली. म्हणजे आम्ही जे बघणार होतो ते रोजचं नव्हतं.

याला तोमोए-सेन म्हणतात. तिघं चिठ्ठ्या उचलतात. एकीवर पूर्व, एकीवर पश्चिम, एकीवर नुसतं वर्तुळ. वर्तुळवाला थांबतो, बाकीचे दोघं लढतात. जिंकणारा लगेच वर्तुळवाल्याशी लढतो. लागोपाठ दोघांना पाडलं की चषक त्याचा. नाही पाडलं, तर नवा विजेता तिसऱ्याशी, आणि असं कुणीतरी सलग दोन जिंकेपर्यंत चालूच. तिघं सारख्या ताकदीचे धरले तर पहिल्या दोघांना चौदात पाच संधी आणि थांबणाऱ्याला चौदात चार. मागची पोरं यावरूनच वाद घालत होती. थांबणारा ताजातवाना असतो, असं एकाचं म्हणणं. पण त्याला पहिली हार परवडत नाही, असं दुसऱ्याचं. हिशोबानं दुसरा बरोबर. आप्पांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "जोड दोघांची असती रं. तिसरा म्हंजे वनवास."

वर्तुळ ओहोला आलं. पहिली लढत होशोर्यू आणि किंबोझान.

या लढतींना जाहिरातींचे फलक नसतात. बक्षिसाची पाकिटं नाहीत, मिरवणूक नाही, थेट कुस्ती. त्यामुळं एकदम शांत वाटतं, जत्रा उठून गेल्यावर उरलेल्या मैदानासारखं. किंबोझान चढला तेव्हा मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती, खांद्याखाली मातीचा एक पट्टा लागलेला. पाठीवरची माती आपल्याकडं काय सांगते ते कोल्हापूरकराला सांगायला नको. इथं तसं नाही, पण माझा जीव गलबलला. मी टॉवेल दोन्ही हातांनी वर धरला. आमच्या भागात तो एकटाच होता. मग बाजूच्या बाईंनी त्याची एक कड धरली. माझे हात थरथरत होते म्हणून असेल, किंवा ओहोला अजून थांबायचंच होतं म्हणून असेल. मी विचारलं नाही.

किंबोझान हरला. तासाभरात दुसऱ्यांदा.

पण तोमोए-सेनमध्ये हरणाऱ्याला लगेच जाता येत नाही. ओहोनं होशोर्यूला हरवलं तर किंबोझानला ओहोशी लढायला परत चढावं लागणार. म्हणून तो खाली बसला. आणि मला एकदम उमगलं की आता मला ओहो जिंकायला हवाय. मी बाईंकडं वळून ते सांगितलं. त्या हसल्या, मांडीवरचा टॉवेल उचलला आणि त्याची दुसरी कड माझ्या हातात दिली. थोड्या वेळापूर्वी ज्याच्यामुळं माझा माणूस पडला, त्याच्याच नावानं मी ओरडत होतो, तेही मनापासून. आप्पासुद्धा आता ओहोकडं झुकले होते. "ह्यो दमल्याला न्हाई. उठू दे त्येला."

होशोर्यूनं श्वासही नीट घेतला नव्हता. शेवटच्या कुस्तीपासून धरली तर ही त्याची तिसरी. तो दोघा प्रतिस्पर्ध्यांहून अंगानं लहान. पण तो बैठकीला वाकला तेव्हा त्याच्या नजरेत जे होतं ते दुसऱ्या मजल्यावरूनही कळत होतं. आप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "गेली. ह्यो सोडत न्हाई."

सोडली नाही. ओहो पडला, पंखा वळला, मागची पोरं एकमेकांच्या अंगावर कोसळली. एक खुर्चीवर तोंड झाकून रडत होता. एकाच दिवशी तिघांना हरवून चषक, तोही नवव्या दिवशी सगळ्यांनी सोडून दिलेल्या माणसानं. मी त्या पोराच्या पाठीवर थाप मारली. तो उठून माझ्यापुढं वाकला आणि म्हणाला, किंबोझानही छान लढला. बाईंनी टॉवेल मांडीवर घेतला, कडेला कड जुळवून चार घड्या घातल्या, ओहोचं नाव वर येईल अशी, पिशवीत ठेवला. मग दोन्ही हात मोकळे झाल्यावर होशोर्यूसाठी टाळ्या वाजवल्या, बराच वेळ. निघताना आप्पांना म्हणाल्या, मे महिन्यात परत या. मी भाषांतर केलं. आप्पांनी हात जोडले.

बक्षीस समारंभ लांबतो. सगळे उभे राहून राष्ट्रगीत म्हणतात, मग सम्राटांचा चांदीचा चषक, पंतप्रधानांचा, परदेशांचे, प्रांतांचे. ओइता प्रांताकडून वाळवलेली शिताके अळंबी मिळते. आप्पांना ते बक्षीस सर्वांत पटलं, खुराकाचं असल्यामुळं. लोक उठायला लागले. बरेच जण बाहेर विजेत्याची उघड्या गाडीतली मिरवणूक बघायला धावले. जिन्यात मागची पोरं बारा विजयांवर योकोझुनापद मिळेल का यावर हमरीतुमरीवर आली होती. मिळालं. तीन दिवसांनी, 29 जानेवारीला, होशोर्यू चौऱ्याहत्तरावा योकोझुना झाला. बारा विजय कमी आहेत असं तेव्हाही अनेकांचं मत होतं, पण मला त्या रविवारच्या शेवटच्या तीन कुस्त्या बघितल्यावर तक्रार करवत नाही.

आम्ही बसून राहिलो. शेवटचा विधी बघायचाच होता. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आखाड्यात देवांना बोलावलेलं असतं, पंधराव्या दिवशी त्यांना निरोप. या स्पर्धेत नव्यानं दाखल झालेली पोरं चौथऱ्यावर येतात, साके घेतात, पंचांबरोबर एका ठेक्यात टाळ्या वाजवतात. तीन, तीन, तीन, एक. असं तीनदा. मग पांढऱ्या कागदाच्या झालरीची काठी हातात घेतलेल्या एका तरुण ग्योजीला ती पोरं हवेत उंच उडवतात. झेलतात, परत उडवतात. देव गेले. हॉलमध्ये तोवर काही शेच माणसं उरली होती, तीही टाळ्या त्याच ठेक्यात वाजवत होती. आप्पांनी दुसऱ्या फेरीपासून ठेका पकडला. "गनपती उठवल्यागत हाय," ते म्हणाले. मग थांबून, "फकस्त पुढच्या वर्षी लवकर या म्हनत न्हाईत."

बाहेर कडाक्याची थंडी होती. रस्त्याच्या कडेला मिरवणुकीसाठी लोक चार-चार ओळींत उभे होते, लहान पोरं खांद्यावर. गाडी गेली, झेंडा गेला, मोबाइल खाली आले. आम्ही फाटकातून निघालो तेव्हा आप्पा मनोऱ्याखाली थांबले आणि मान वर करून उभे राहिले. बराच वेळ.

"आज ढोल न्हाई व्हय रं?"

मी म्हटलं, आप्पा, शेवटच्या दिवशी वाजवत नाहीत. उद्या खेळच नसतो, मग बोलवायचं कशाला.

त्यांनी मान हलवली. मग हातमोजा काढला, मनोऱ्याच्या कुंपणाच्या लाकडावर बोटांनी तोच झपाझप ठेका थोडासा वाजवला, आणि आम्ही स्टेशनकडं चालायला लागलो.